कंपोझिट पट्टीतला सुटलेला थर कंपनांवरून खरंच पकडता येतो का?

तंतुवेध (धागाकर्ती)

ग्लास फायबर-इपॉक्सीच्या (काचतंतूंचे थर इपॉक्सी रेझिनने जोडून केलेलं कंपोझिट) पट्ट्यांवर माझं प्रोजेक्ट चालू आहे. पट्टी ३०० मिमी लांब, ३० मिमी रुंद, ३ मिमी जाड. एक टोक क्लॅम्पमध्ये घट्ट, दुसरं मोकळं. मुळाजवळ दोन पीझो चकत्या (वीज दिली की थरथरणाऱ्या, हलवलं की वीज देणाऱ्या) चिकटवल्या आहेत. एकीने पट्टी हलवायची, दुसरीने ऐकायचं. काही पट्ट्या निरोगी आहेत. काहींमध्ये थर रचतानाच टेफ्लॉनची पातळ फिल्म ठेवली आहे, लांबीच्या मधोमध, जाडीच्याही मधोमध, ३० मिमी लांब. तेवढ्या भागात थर एकमेकांना चिकटलेलेच नाहीत.

पट्टीची पहिली, म्हणजे सगळ्यात खालची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी १७.५ हर्ट्झच्या आसपास मिळते. नुकसान झालं की स्टिफनेस (ताठपणा) कमी होतो आणि फ्रिक्वेन्सी उतरते, असं सगळीकडे वाचलं होतं. प्रत्यक्षात दोन प्रकारच्या पट्ट्यांमधला फरक इतका किरकोळ आहे की एकाच निरोगी पट्टीची सकाळची आणि दुपारची रीडिंग्ज त्याहून जास्त वेगळी येतात. फिल्म असलेली एक पट्टी तर निरोगी पट्टीपेक्षा वरची फ्रिक्वेन्सी दाखवते!

प्रश्न सरळ आहे. चिकटवलेल्या सेन्सरने कंपनं मोजून थर सुटलेला कळतो का? की हे फक्त कागदावर जमतं?

---

लोलक

कळतो, पण आधी थोडं गणित करू.

फ्रिक्वेन्सी स्टिफनेसच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. स्टिफनेस २ टक्के गेला तर फ्रिक्वेन्सी १ टक्काच उतरणार. आणि हा अख्ख्या पट्टीचा स्टिफनेस आहे, एका कोपऱ्यातला नाही.

तुमचं रेकॉर्डिंग किती सेकंदांचं आहे? १० सेकंदांचं असेल तर एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणितात) दोन रेषांमधलं अंतर ०.१ हर्ट्झ. १७.५ वर ०.१ म्हणजे जवळजवळ ०.६ टक्के. तुम्ही जे शोधताय ते मोजपट्टीच्या दोन खुणांच्या मध्येच हरवतंय. रेकॉर्डिंगच्या शेवटी शून्यं जोडली तर आलेख गुळगुळीत दिसतो, माहिती वाढत नाही. शिखरावर मोडचा (पट्टी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला ज्या आकारात हलते त्या कंपनाचा) वक्र बसवून फ्रिक्वेन्सी काढा, खूप फरक पडतो.

त्या वर चढलेल्या पट्टीची जाडी मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. फ्रिक्वेन्सी साधारणपणे जाडीच्या सरळ प्रमाणात असते. ३ मिमीत ०.०३ मिमीचा फरक पडला की १ टक्का गेला. हाताने थर लावलेल्या दोन पट्ट्या इतक्या सारख्या निघत नाहीत.

---

शून्यबिंदू

वाचतोय. विषय आवडीचा आहे, जाणकारांनी थांबू नये.

---

काटकोन

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच लिहितो. कंपोझिटच्या तपासणीत अनेक वर्षं काम केलंय. थर सुटलाय का हे बघायचं असेल तर अल्ट्रासॉनिक लावा. सी-स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोब पृष्ठभागावर फिरवून काढलेल्या नकाशात, सुटलेल्या भागाचा आकार, जागा, खोली, सगळं समोर दिसतं. फ्रिक्वेन्सी ही पूर्ण वस्तूची सरासरी आहे. सरासरीतून एका जागेचं दुखणं कसं कळणार?

उदाहरण कंपोझिटचं नाही, पण बोलकं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आय-४० पुलावर चाचण्या झाल्या. पूल पाडायचाच होता, म्हणून पोलादी गर्डर चार टप्प्यांत मुद्दाम कापत नेला आणि दर टप्प्याला कंपनं मोजली. पहिल्या टप्प्यांमध्ये फ्रिक्वेन्सीत दखल घ्यावी असा उतार दिसलाच नाही. शेवटच्या कापानंतर ती ठळकपणे उतरली, आणि तोवर गर्डरची काय अवस्था झाली होती हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

विमानाच्या बाबतीत पद्धत मान्य करून घ्यायची तर एवढ्या आकाराचा दोष ९० टक्के वेळा सापडतो, आणि हे ९५ टक्के विश्वासाने सांगता येतं, असं सिद्ध करावं लागतं. पहिल्या फ्रिक्वेन्सीवर हे सिद्ध करून दाखवा.

---

पवनपाते

काटकोन, सी-स्कॅनबद्दल सहमत. पण पवनचक्कीचं पातं उंचावर फिरत असताना तिथे प्रोब घेऊन कोण जाणार? चक्की थांबवायची, दोरावरून माणूस उतरवायचा, आणि तोही कुठे बघायचं हे माहीत नसताना. चिकटवलेला सेन्सर तिथे कायम असतो, त्याचं महत्त्व एवढ्यासाठीच आहे. 'आता इथे बघा' एवढं त्याने सांगितलं तरी माझं अर्धं काम झालं.

तंतुवेध, सकाळ-दुपारच्या फरकाने गोंधळून जाऊ नका. इपॉक्सी तापलं की मऊ पडतं, फ्रिक्वेन्सी उतरते. पात्यांवर आम्हाला हे रोज दिसतं. बर्फ साचला की वस्तुमान वाढून उतरते, वेग बदलला की केंद्रोत्सारी ताणाने बदलते. पट्टीवर तापमानाचा सेन्सर लावलाय का? नसेल तर आजच लावा, आणि हवेत लटकवू नका, पट्टीलाच चिकटवा.

---

लोलक

पवनपाते यांच्या मुद्द्याला जोड. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूल १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर असाच ऐकत ठेवला होता, शेवटी त्यात मुद्दाम नुकसान केलं. गोठणबिंदूच्या खाली पारा गेला की वरचा डांबराचा थर कडक व्हायचा आणि पुलाच्या फ्रिक्वेन्सी चढायच्या. वर-खाली दोन्हीकडे एकच सरळ रेषा बसत नव्हती. तापमान वजा करणं म्हणजे एका गुणकाने भागणं नव्हे, हे त्या डेटावरून अनेकांना पटलं.

---

संथलहर

सगळं वाचलं. एक मूळ गोष्ट अजून कुणी मांडलेली नाही. मला वाटतं धाग्याचं उत्तर तिथेच आहे.

भेग आणि सुटलेला थर, दोन्ही पट्टीला सारख्याच तऱ्हेने दुबळं करत नाहीत. आडवी भेग जिथे वाकण जास्त तिथे जाणवते. जाडीच्या मध्यावर सुटलेला थर मात्र जिथे कातरबल, म्हणजे शिअर, जास्त तिथे जाणवतो.

एक जाड वही घ्या आणि दोन्ही कडांना घट्ट क्लिपा लावा. आता ती धनुष्यासारखी एकाच बाजूला वाकवून बघा. पानांना सरकायला वावच नाही, वही अडून बसते. मग नागमोडी वळवा, अर्धी वर, अर्धी खाली. मधली पानं सहज सरकतात आणि वही एकदम लवचीक वाटते. सुटलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना पट्टी अखंड असते, त्याच त्या क्लिपा. मोड त्या जागी नुसता वाकवत असेल तर वरचा अर्धा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि भार जवळजवळ पूर्वीसारखाच पेलला जातो. मोड तिथे नागमोडी असेल तरच थर एकमेकांवरून घसरतात आणि स्टिफनेस खरा कमी होतो.

आता तंतुवेध यांची पट्टी घेऊ. दोष लांबीच्या मधोमध आहे.

पहिल्या मोडमध्ये तिथे शिअर आहे, पण ३० मिमीच्या टप्प्यात फार थोडं. मी कागदावर अंदाज काढला, फरक ०.१ टक्क्याच्याही खाली येतो. एवढा फरक तापमानात सहज बुडतो.

दुसऱ्या मोडची तर गंमतच आहे. एका टोकाला धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या मोडमध्ये मुळापासून ०.५३ लांबीवर वाकण कमाल असतं, म्हणजे शिअर शून्य. तुमच्या पट्टीत ती जागा १५९ मिमीवर येते आणि फिल्म १३५ ते १६५ मिमीच्या मध्ये आहे. दुसऱ्या मोडला तुमचा दोष जवळजवळ दिसतच नाही.

तिसरा मोड बघा, ३०७ हर्ट्झच्या आसपास असेल. त्यात पट्टीच्या मध्याशी वाकण शून्याजवळ आणि शिअर कमाल. माझ्या अंदाजाने तिथे फ्रिक्वेन्सी दीड टक्का उतरायला हवी, म्हणजे ४-५ हर्ट्झ. ते चुकवू म्हटलं तरी चुकणार नाही.

---

शून्यबिंदू

संथलहर, वही-क्लिपा घेऊन करून बघितलं. अगदी तसंच होतं! आजूबाजूचे विचारतायत मी वहीशी काय झटापट करतोय.

---

काटकोन

संथलहर यांचं विश्लेषण पटलं. पण तुम्हाला दोषाची जागा आधीच माहीत आहे, म्हणून कोणता मोड बघायचा हे सांगू शकलात. जागा माहीत नसताना काय?

दुसरं, टेफ्लॉन फिल्म म्हणजे स्वच्छ, एकाच पातळीवरचा दोष. खरा आघात बसतो तेव्हा अनेक पातळ्यांवर थर सुटतात, मागच्या बाजूकडे पसरत जातात, मॅट्रिक्समध्ये (तंतूंना धरून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये) भेगा पडतात. समोरून एक बारीक खळगा, कधी तोही नाही. फिल्मवर जमलं म्हणजे आघातावर जमेल असं गृहीत धरू नये.

---

संथलहर

दोन्ही मुद्दे रास्त. पहिल्याचं उत्तर बरंच जुनं आहे. कॉली आणि अ‍ॅडम्स या संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवलं की दोन मोडच्या फ्रिक्वेन्सींमध्ये पडलेल्या फरकांचं गुणोत्तर घेतलं तर ते नुकसानीच्या आकारावर नाही, जागेवर अवलंबून राहतं. पुरेसे मोड मोजले की जागा आवळत नेता येते. दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूने आहे. फिल्मच्या पट्ट्यांनंतर एका पट्टीवर वजन टाकून आघात करून बघायलाच हवा.

---

शेवटचाबोल्ट

सगळे मोडवर बोलतायत, मी क्लॅम्पवर बोलतो. पट्टी काढून परत लावली, बोल्ट थोडा कमी-जास्त आवळला, की फ्रिक्वेन्सी हलते. मोकळी लांबी १ मिमीने बदलली तरी ३०० मिमीच्या पट्टीत साधारण ०.७ टक्के फरक, कारण फ्रिक्वेन्सी लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.

क्लॅम्प काढून टाका. पट्टी दोन मऊ दोऱ्यांवर किंवा रबरावर लटकवा, दोन्ही टोकं मोकळी. आधार पहिल्या मोडच्या स्थिर बिंदूंवर द्या, टोकांपासून २२ टक्के लांबीवर. पहिली फ्रिक्वेन्सी १११ च्या आसपास जाईल, म्हणजे त्याच ०.१ हर्ट्झच्या रेषा आता ०.१ टक्क्याच्याही आत आल्या.

आणि कृपा करून टोकाला अ‍ॅक्सेलेरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) लावू नका. पट्टीचं वजनच जेमतेम ५० ग्रॅम. क्लॅम्प केलेल्या पट्टीच्या टोकाला १० ग्रॅमचा सेन्सर बसवला तर पहिली फ्रिक्वेन्सी पाव हिश्शाने खाली येते. वर केबलमुळे कंपनं शमतात (डॅम्पिंग) ते वेगळंच.

---

डेटाधर

एवढं कशाला? सरळ न्यूरल नेटवर्क लावा. हजारो सिग्नल गोळा करा, निरोगी आणि सदोष अशी लेबलं द्या. फ्रिक्वेन्सी काढायचीही गरज नाही, ते स्वतः शिकेल. अशा कामांत ९९ टक्के अचूकता बघितली आहे.

---

लोलक

डेटाधर, हजार सिग्नल किती पट्ट्यांचे? चार पट्ट्यांचे प्रत्येकी अडीचशे असतील आणि तेच मिसळून शिकवायला आणि तपासायला वाटले, तर नेटवर्क थर सुटणं शिकत नाही, पट्टी ओळखायला शिकतं. प्रत्येक पट्टीची जाडी, गोंदाचा थर, चकतीची जागा वेगळी. ओळखायला तेवढं पुरतं. तपासणीची पट्टी शिकवणीत एकदाही आलेली नसावी. मग अचूकता किती उरते ते बघा. शिवाय सगळे निरोगी सिग्नल सकाळी आणि सदोष दुपारी घेतले असतील तर ते थर्मामीटर झालं.

---

डेटाधर

पट्टीनिहाय वाटणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तरी माझी बाजू पूर्ण सोडत नाही. खऱ्या रचनेत सदोष डेटा मिळतच नाही, म्हणून फक्त निरोगी अवस्थेचा नकाशा शिकायचा आणि त्यापासून किती लांब गेलो ते मोजायचं. महालानोबिस अंतर (नेहमीच्या चढ-उतारांच्या तुलनेत एखादं रीडिंग किती लांब आहे याचं माप) यासाठीच वापरतात. वेगवेगळ्या तापमानांची निरोगी रीडिंग्ज त्या नकाशात असली की तापमानाने होणारी हालचाल आपोआप सामान्य ठरते. सरावासाठी डेटा हवा असेल तर 'ओपन गाइडेड वेव्ह्ज' नावाचा संच खुला आहे. कार्बन फायबरच्या ५०० x ५०० x २ मिमी प्लेटवर १२ पीझो बसवून घेतलेला.

---

पवनपाते

याला अनुमोदन. शिकवणीत वर्षभराचे ऋतू हवेत, एवढीच अट. उन्हाळ्यात शिकवलेली यंत्रणा पहिल्या थंडीत रोज अलार्म देते. आठवडाभर खोटे अलार्म आले की माणसं ती बंद करून टाकतात, मग खरा अलार्म ऐकायला कोणी उरत नाही.

---

गोंदण

सेन्सरच्या गोंदाकडे कुणी बघणार आहे का? पीझो पट्टीपासून सुटायला लागली तरी सिग्नल बदलतो आणि वाटतं रचनाच बिघडली. उपाय सोपा आहे. मोजणीआधी प्रत्येक चकतीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) नोंदवा. घट्ट चिकटलेली चकती पट्टीने आवळलेली असते, म्हणून तिची कपॅसिटन्स मोकळ्या चकतीपेक्षा थोडी कमी. गोंद सुटला की आकडा वर जातो. चकतीचा तुकडा पडला की क्षेत्रफळ घटून खाली येतो. तापमान सारखं असताना तुलना करा, कारण कपॅसिटन्सही तापमानाने बदलते.

चकतीला वायर झाळताना हात चटकन उचला. पीझेडटी-५एच या पीझो पदार्थाचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पीझोचा गुणच नाहीसा होतो ते, साधारण १९० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि त्याच्या बरंच आधीपासून ध्रुवण (ज्यामुळे हा गुण येतो ती आतल्या विद्युतभारांची मांडणी) ढासळायला लागतं. आणि उद्या कार्बन फायबर घेतलंत तर चकतीखाली ग्लासचा किंवा पॉलिइमाइडचा पातळ थर द्या. कार्बन वीज वाहून नेतो, खालचा इलेक्ट्रोड थेट शॉर्ट होतो.

---

शून्यबिंदू

थोडं अवांतर. कोलंबिया या अंतराळयानाचं जे झालं त्यात असे सेन्सर असते तर फरक पडला असता का?

---

पवनपाते

अवांतर नाही, अगदी विषयातलं आहे. पंखाची पुढची कड रीइन्फोर्स्ड कार्बन-कार्बनची, म्हणजे कंपोझिटच. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. चित्रीकरणात तो आदळताना दिसला, पण नेमका कुठे आणि किती जोरात हे लगेच कळवणारं साधन पंखात नव्हतं. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. नंतर जमिनीवर तसाच फोम तशाच पॅनलवर डागला तर सुमारे ४० सेंमीचं भोक पडलं.

जुलै २००५ ला उड्डाणं पुन्हा सुरू झाली तेव्हा पंखांच्या पुढच्या कडेच्या आत अ‍ॅक्सेलेरोमीटर बसवलेले होते. ते नुकसान मोजत नव्हते, आघात ऐकत होते. आघात ऐकू आला की तिथे कॅमेऱ्याने बघायचं. काटकोन, मी म्हणत होते ते हेच. सेन्सरने जागा सांगायची, तुमच्या स्कॅनने निकाल द्यायचा.

---

काटकोन

या वाटणीला माझी हरकत नाही. रिटर या संशोधकाने १९९३ मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या: नुकसान आहे का, कुठे आहे, किती आहे, आता किती दिवस टिकेल. पहिल्या दोन चिकटवलेल्या सेन्सरकडे, तिसरी माझ्याकडे. चौथीसाठी दोघांनाही बसावं लागेल.

---

तंतुवेध

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लॅम्प काढला, पट्ट्या रबरावर लटकवल्या, वक्र बसवून फ्रिक्वेन्सी काढल्या. संथलहर, दोन्ही टोकं मोकळी असताना दुसऱ्या मोडमध्ये मध्याशी शिअर कमाल असतं, म्हणून मी दुसऱ्या आणि पहिल्या फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर घेतलं. एकसंध पट्टीसाठी ते २.७५७ यायला हवं, जाडी कितीही असो, इपॉक्सी थंड असो की तापलेलं.

निरोगी पट्ट्या २.७५ च्या आसपास जमल्या, फिल्मवाल्या २.७१ ते २.७२. सकाळ-दुपारने दोन्ही फ्रिक्वेन्सी हलतात, पण गुणोत्तर जागचं हलत नाही. ती वर चढलेली पट्टीही बरोबर फिल्मवाल्यांच्या घोळक्यात आली. तिची जाडी खरोखरच जास्त निघाली.

आता पुढचा प्रश्न. फिल्म डावीकडे ३० टक्क्यांवर असली काय आणि उजवीकडे ३० टक्क्यांवर असली काय, सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच येणार ना? पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी आहे. मग डावं-उजवं कसं ठरवायचं?

---

संथलहर

वा! गुणोत्तराची कल्पना फार छान बसवलीत.

हो, सममित पट्टीत फ्रिक्वेन्सीवरून डावं-उजवं कळत नाही, कितीही मोड मोजले तरी. सममिती मोडा. एका टोकाला मेणाने ५ ग्रॅमचं वजन चिकटवा आणि पुन्हा मोजा, मग तेच वजन दुसऱ्या टोकाला लावून मोजा. निरोगी पट्टीत दोन्ही संच सारखे येतील, सदोष पट्टीत वेगळे. कोणता संच जास्त उतरला आणि तेव्हा वजन कुठे होतं, यावरून बाजू ठरते. मात्र वजन लावलेल्या मोडचा शिअरचा आलेख आधी काढून ठेवा, कारण कमाल शिअरची जागाही त्याच्याबरोबर सरकते.

---

शेवटचाबोल्ट

मेण पातळ लावा आणि वजन दर वेळी त्याच खुणेवर बसवा, नाहीतर मेणाचाच फरक मोजत बसाल.